कट्यारमधला गळा कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत एकांनी लिहिलं होतं की 'कट्यार काळजात घुसली'चा सिनेमा आल्यावर आता नाटक बघायची गरजच उरली नाही, सगळं त्यातच आहे आणि वर महाल-हवेल्या खऱ्या बघायला मिळतात. वाचल्यापासून राहवेना म्हणून हे पत्र.

सिनेमाबद्दल माझ्या मनात राग नाही हो. 2015 च्या दिवाळीत लागला तेव्हा आम्ही अख्खं घर घेऊन बघायला गेलो होतो आणि ज्या पोरांनी कधी नाट्यपद कानावर घेतलं नव्हतं ती घरी येऊन 'सूर निरागस हो' गुणगुणत होती, हे श्रेय सुबोध भावेंना द्यायलाच पाहिजे. मूळ नाटकाला संगीत देणाऱ्या पं. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली त्यांनी टाकून दिल्या नाहीत, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी त्यांच्या शेजारी बसवली आणि बहुतेक ठिकाणी ती शोभलीसुद्धा. महेश काळेंना 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा इथे गोव्यात किती आनंद झाला, कारण ते अभिषेकीबुवांचे शिष्य, आणि बुवा आमच्या मंगेशीचे.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. ही गोष्ट कशाची आहे? गळ्याची. खाँसाहेब आणि पंडितजी हे दोन प्रतिस्पर्धी गवई, खाँसाहेब वर्षानुवर्षं पंडितजींसमोर हरतात ते गळ्यामुळे, मग पंडितजींचा आवाजच जातो, पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव लपूनछपून खाँसाहेबांची गायकी कानात साठवतो, सगळं जिंकणं-हरणं गळ्यावर. अशा गोष्टीत ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा झाला की मुळातलीच गोष्ट हातातून निसटते. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांनी मेहनत केलीय, डोळ्यांतला मत्सर चांगला दाखवलाय, पण 'सुरत पिया की' सुरू झालं की मला तिथे खाँसाहेब दिसतच नाहीत, राहुल देशपांडे ऐकू येतात आणि मी डोळे मिटून घेतो. सिनेमात डोळे मिटावेसे वाटले तर पडदा हवाच कशाला?

आता उलट बघा. शंकर महादेवन पंडितजी झालेत, त्यांनी त्याआधी कधी काम केलेलं नाही, चेहऱ्यावर नटाची सफाई नाही, तरी ते गायला बसले की अख्खं थिएटर शांत होतं. कारण तो श्वास त्यांचा असतो, मान हलते ती तानेबरोबरच हलते. सिनेमाला नाटकाची उंची गाठता येते ती नेमकी तिथेच, आणि म्हणूनच मला जास्त चुटपुट लागते.

कारण माणसं हाताशी होती! 1967 च्या डिसेंबरात नाट्यसंपदा या नाट्यसंस्थेने हे नाटक आणलं तेव्हा वसंतराव देशपांडे स्वतः खाँसाहेब, भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव, फैयाज खाँसाहेबांची मुलगी झरीना, सगळे स्वतःच्या गळ्याने गाणारे. आणि 2010 मध्ये सुबोध भावेंनीच ते पुन्हा रंगमंचावर आणलं त्यात राहुल देशपांडे खाँसाहेब होते, महेश काळे सदाशिव होते. म्हणजे तयार जोडी, तीच भूमिका, तीच पदं, आणि पडद्यावर जाताना त्यांना नुसतं माइकसमोर उभं केलं. कोणी म्हणेल सिनेमाला नावाजलेले चेहरे लागतात, पैसा लागतो, तेही कळतं मला, पण पुढे 2022 मध्ये 'मी वसंतराव'मध्ये राहुलनी आपल्या आजोबांची, वसंतराव देशपांड्यांची, भूमिका स्वतःच केली, स्वतःच गायली आणि लोकांनी डोक्यावर घेतलीच की.

आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला मंडपात संगीत नाटक होतं तेव्हा लोकांना गोष्ट पाठच असते, पदं पाठ असतात, तरी थंडीत चादर गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात ते या माणसाला आज ही जागा जमते का हे बघायला. दिवसा दुकानात किंवा ऑफिसात बसणारा माणूस रात्री ऑर्गनच्या सुरावर उभा राहतो, तान अडली तर सगळ्यांचा जीव वर-खाली होतो आणि निघाली तर वन्समोअर. तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकात, सुद्धा कांतार (गाणं) म्हणणारा समोर बँडबरोबर गातो. तो धोका सिनेमात नाहीच, सगळं स्टुडिओत आधीच स्वच्छ करून ठेवलेलं.

गाणी कापली, लहान केली, याबद्दल लोक बोलतात ते मला तितकंसं पटत नाही. अभिषेकीबुवांनी स्वतःच नाट्यपदं आटोपशीर केली, तासतासभर एकच पद आळवण्याची जुनी रीत त्यांनी मोडली. तेव्हा वेळेचा प्रश्न नाही, माणसाचा आहे. 'घेई छंद मकरंद' एकाच शब्दांवर दोन चालींत येतं, दोन घराण्यांचे दोन स्वभाव, ते दोन जिवंत माणसांच्या तोंडून ऐकलं की फरक अंगावर येतो.

परवा 2025 मध्ये 'संगीत मानापमान' हे जुनं नाटकही पडद्यावर आलं आणि तिथेही पार्श्वगायनच. 1921 चं संयुक्त मानापमान, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं, त्यात केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी, अजून लोक सांगतात ते दोन गळे एकाच रंगमंचावर समोरासमोर होते म्हणून.

तेव्हा यापुढे जो कोणी संगीत नाटकावर सिनेमा काढेल त्याला माझी हात जोडून विनंती, गाणारे नट घ्या आणि पदं सेटवर, कॅमेऱ्यासमोरच गाऊन घ्या. फोंडा-पेडण्यापासून काणकोणापर्यंत असे गाणारे नट गावोगावी आहेत, येऊन तर ऐका.

आपला,
एक नाट्यसंगीतप्रेमी, फोंडा