‘दुखलं नाही’ हे खरंही असू शकतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलांनी स्वतःला इजा करून घेण्याचा विषय निघाला की मोठ्यांचा एक प्रश्न ठरलेला : ‘यांना दुखत कसं नाही?’ त्यात काळजी असते, तसा संशयही असतो. खरंच दुखलं असतं तर केलं नसतं, म्हणजे लक्ष वेधून घेण्याचे उद्योग आहेत, असा त्याचा रोख. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ असं विचारण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे हा प्रश्न मला टोचतो.

मुळात जखम केवढी आणि दुखतं किती, याचं सरळ गणित नसतं. १९६५ साली वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. शरीराकडून आलेली खबर मेंदूपर्यंत किती पोहोचू द्यायची ते तिथे ठरतं, आणि मेंदूही ते फाटक वरून कमी-जास्त उघडतो. पुढे तपशील बरेच बदलले, पण मनाची अवस्था वेदनेत ढवळाढवळ करते, हे आता कुणी नाकारत नाही.

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तर साधारण १७ टक्के किशोरवयीनांनी कधी ना कधी, मरण्याचा हेतू नसताना, स्वतःला इजा केलेली असते. सुरुवात बहुधा १२ ते १४ या वयात होते. अशा व्यक्तींच्या प्रयोगशाळेत निरुपद्रवी वेदना-चाचण्या घेतल्या, तेव्हा इतरांच्या तुलनेत त्यांना सरासरीने वेदना उशिरा जाणवली आणि त्यांनी ती जास्त वेळ सोसली. सरासरीने, हे महत्त्वाचं. अनेकांना व्यवस्थित दुखतं. वेदना बोथट असते म्हणून मूल या वाटेला जातं, की वाटेला लागल्यावर ती बोथट होते, याचा निकाल अजून लागलेला नाही. मात्र सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार (भावना झपाट्याने टोकाला जाण्याचा एक मानसिक विकार) असलेल्या रुग्णांच्या २००९मधल्या एका अभ्यासात, ज्यांनी इजा करणं थांबवलं होतं त्यांची वेदनेची जाणीव निरोगी माणसांच्या बरीच जवळ आलेली दिसली. मला यात आशा दिसते.

वेदना थांबते त्या क्षणी हायसं वाटणं, हे तर कुणाच्याही मेंदूत घडतं. त्या अर्थाने ही मुलं जगावेगळी नाहीत. पण ते हायसं वाटणं टिकत नाही. मागे शरम उरते आणि मूळ त्रास होता तिथेच असतो.

या सगळ्यात मला सर्वात अस्वस्थ केलं ते मानसशास्त्रज्ञ जिल हूली यांच्या कामाने. स्वतःला नालायक समजणारी, स्वतःला सतत दोष देणारी माणसं वेदना जास्त वेळ सोसतात, असं त्यांना आढळलं. ‘मला हे भोगायलाच हवं’ असं वाटत असेल, तर हात मागे कशाला घ्यायचा? उलट, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, स्वतःविषयी बरं वाटायला लावणाऱ्या अगदी थोड्या वेळाच्या संवादानंतर तीच माणसं वेदनेपासून लवकर दूर झाली. आता घरात काय होतं ते आठवा. खुणा दिसल्या की आरडाओरडा, ‘आमच्या तोंडाला काळं फासलंस’, ‘लाज कशी वाटत नाही’. म्हणजे ज्या आत्मद्वेषावर हे सगळं पोसलं जातं, त्यालाच आपण खतपाणी घालतो. आणि आपल्या भाषेत ‘सोशिक’ हे कौतुकाचं विशेषण! न रडणारं मूल शहाणं, हे आपणच त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

‘जीव द्यायचा नव्हता’ असं मूल म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा खरंच असतं. तरी निर्धास्त राहू नये. वेदनेची सवय होते तशी तिची भीतीही ओसरते, आणि पुढच्या आत्महत्येच्या धोक्याशी याचा संबंध असल्याचं मानसशास्त्रज्ञ मानतात. म्हणून जखम किरकोळ असली तरी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, आणि मुलाने स्वतः मरणाचा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी. तीव्र भावना अंगावर आली की काय करायचं, हे शिकवणारी ‘डीबीटी’सारखी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) उपचारपद्धत आहे आणि किशोरवयीनांमध्ये तिचा उपयोग झालेला दिसला आहे.

आपल्याला एक विनंती. अशा बातम्या छापताना साधनं, पद्धत, जखमांची छायाचित्रं कृपया टाळावीत. वाचणाऱ्यांत तीही मुलं असतात.

एखाद्या मुलाने दुखण्याला ‘शून्य’ म्हटलं, की पूर्वी मी ‘शाब्बास’ म्हणून पुढे जायचे. आता थांबते आणि विचारते, ‘झोप लागते का रे नीट?’

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक