आर्क्टिकची सफर आणि आपले तारवटी

माननीय संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतील आर्क्टिकच्या मोहीम-सफरींवरचा लेख वाचला. हिमनद्या, पांढरी अस्वले, मध्यरात्रीचा सूर्य हे सारे त्यात आले. मात्र ज्या दुर्गमतेचे एवढे कौतुक केले आहे, तिच्यामुळेच संकटात मदत किती उशिरा पोहोचते, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. अशा सफरीला गोव्यातून प्रवासी म्हणून जाणारे मोजकेच असतील, परंतु प्रवासी जहाजांच्या गॅलीत (स्वयंपाकघरात) आणि केबिनांत राबणारे तारवटी, म्हणजे जहाजांवरचे कामगार, आपल्या गावोगावी आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'ओशन एक्सप्लोरर' हे जहाज २०६ जणांसह ईशान्य ग्रीनलँडच्या आल्पेफ्योर्ड या खाडीत रुतले. भरतीच्या आधाराने सुटण्याचे प्रयत्न फसले आणि ११ तारखेला अडकलेले जहाज १४ तारखेला 'ताराजोक' या मत्स्य-संशोधन नौकेने ओढून काढले. त्याआधी २०१० मध्ये 'क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर' कॅनडाच्या कॉरोनेशन आखातात खडकावर चढले होते. तो खडक २००७ मध्येच खलाशांसाठी जाहीर झाला होता, पण जहाजावरच्या नकाशात त्याची नोंद केलेली नव्हती. निष्काळजीपणा तोच, पण मुरगावच्या धक्क्याजवळ त्याची किंमत एक आणि तिथे दुसरी.

१ जानेवारी २०१७ पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संहिता, म्हणजे ध्रुवीय सागरांत जाणाऱ्या जहाजांसाठीची नियमावली, याच कारणाने सुटकेसाठी किमान पाच दिवस लागतील असे गृहीत धरून जीवरक्षक साधने ठेवायला लावते. ध्रुवीय सागरांसाठीचे विशेष प्रशिक्षण मात्र कप्तान व डेक अधिकाऱ्यांनाच सक्तीचे आहे. प्रवाशांना जीवरक्षक नौकेपर्यंत नेण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्या केबिन कर्मचाऱ्यांना त्या प्रमाणपत्राची अट नाही.

नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या संरक्षित क्षेत्रांत जहाजामागे २०० प्रवाशांची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण ते निसर्गाचे रक्षण झाले, कामगारांचे नव्हे.

त्याच स्वालबार्डमध्ये २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' स्थानक असून त्याचा कारभार वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. ध्रुवीय थंडीत काम केलेली माणसे इथे वास्कोच्या सड्यावरील या केंद्रात असताना त्यांच्या अनुभवाचा लाभ तारवट्यांना मिळू नये, हे नवलच. राज्य सरकारने या केंद्राच्या साहाय्याने कोकणी-मराठीतून प्रशिक्षणवर्ग घ्यावेत आणि जहाज ध्रुवीय सागरात जाणार असल्यास, तारवट्याने करारावर सही करण्यापूर्वीच, नोकरभरती करणाऱ्या एजंटांनी तसे लेखी कळवण्याची सक्ती करावी, अशी मागणी आपल्या दैनिकातून मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वास्को