कुठे दुखतंय आणि कसं

निशी-कासाई, तोक्यो

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा क्रिकेटवर येतात, म्हणून लिहूनच कळवते. कंपनीबरोबरचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे. सही झाली आहे. मे महिन्यात येईनच, पण तीन आठवड्यांसाठी. कायमची नाही.

लगेच दादाला फोन लावू नका. आधी पूर्ण वाचा.

पैशांसाठी थांबत नाहीये. ऑफिसात इंग्रजी चालतं, आमच्या निशी-कासाईत तर किराणा घेताना मराठीही कानावर पडतं. पण वॉर्ड ऑफिसचं पत्र, दवाखान्यातला फॉर्म, घरमालकाचा निरोप, यातलं काहीच इंग्रजीत येत नाही. इतकी वर्षं राहून दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं, हे आता नको वाटतं. या दोन वर्षांत जपानी नीट शिकायची, असं ठरवलंय.

बाबा म्हणतील, मग रानडे इन्स्टिट्यूटमध्येच शिकायचं होतंस, घरापासून एक बस. खरंय, व्याकरण तिथे इथल्यापेक्षा शिस्तीत शिकवतात. पण इथे वर्गातून बाहेर पडलं की परीक्षा सुरू होते. पूर्ण वेळेच्या भाषाशाळेत आठवड्याला २० तास आणि वर्षाला सात-आठ लाख येन. नोकरी सांभाळून ते शक्य नाही आणि परवडणारही नाही. म्हणून वस्तीतल्या केंद्रात भरणारा स्वयंसेवकांचा वर्ग. आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास. असे वर्ग बहुतेक फुकट असतात, नाहीतर दोन-चारशे येन आणि पुस्तकाचा खर्च. शिकवणारे बरेचसे निवृत्त लोक, तुमच्याच वयाचे. २०१९ साली इथे कायदा झाला, त्यानुसार परदेशी लोकांना जपानी शिकण्याची सोय करणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांचीही जबाबदारी आहे. तेव्हा ‘फुकटात काय शिकवणार’ असं मनात आणू नका.

मात्र नुसतं वर्गात बसून काही येत नाही, हेही खरं. आठवड्याला दोन तास म्हणजे पुढच्या आठवड्यापर्यंत अर्धं विसरायला होतं. शिकवणारे आलटून पालटून येतात, त्यामुळे तोच धडा पुन्हा होतो. आणि ते इतकं सावकाश, इतकं शुद्ध बोलतात की दुकानातला मुलगा बोलला की काही कळत नाही. उपाय एकच, वर्गात पुस्तक कमी उघडायचं आणि घरी आलेली खरी कागदपत्रं न्यायची. कचऱ्याच्या वारांचं पत्रक, कुरिअरची चिठ्ठी, विजेचं बिल. पुस्तक घरी, रोज थोडं. हिरागाना ४६, काताकाना ४६, या दोन्ही लिप्यांची अक्षरं काही आठवड्यांत बसतात. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मात्र रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारने नेमलेल्याच २,१३६. तिथे घाई करून उपयोग नाही.

आई, तुला यातलं एक आवडेल. त्यांची अक्षरमाला आपल्याच वळणाची आहे. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची जुनी सिद्धम् लिपी इकडे आली, तिचाच हा क्रम. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. ‘खाऊन बघणं’ला ते शब्दाला शब्द ‘ताबेते मिरु’ म्हणतात. ‘त्सु’ म्हणताना गोऱ्या लोकांची जीभ अडखळते, आपल्याला तो ‘चूक’मधला च आहे. पण आपण अडतो ते वेगळ्याच जागी. ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत शिकतो’ यात आपला ‘त’ एकच. त्यांच्याकडे असण्याला ‘नि’ आणि करण्याला ‘दे’. आपलं ‘देणं’ एक, त्यांची दोन, मी दुसऱ्याला दिलं ते ‘आगेरु’ आणि मला कुणी दिलं ते ‘कुरेरु’. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष केलं तर ‘ओबासान’ म्हणजे काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. तेव्हा शेजारच्या बाईंना हाक मारताना सांभाळून!

डिसेंबरमध्ये एन-३ची, म्हणजे जपानी भाषेची मधल्या पातळीची, परीक्षा देणार आहे. १८० पैकी ९५ लागतात आणि तिन्ही भागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९. एका भागात कमी पडले तर बाकी कितीही असोत, नापास. त्यात बोलायची परीक्षाच नसते, म्हणून कागद हातात असलेले कितीतरी लोक डॉक्टरसमोर मुके होतात.

आणि खरं कारण तेच आहे. मागच्या जुलैत बाबा फोनवर ‘गॅस आहे, गॅस आहे’ म्हणत राहिले, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. पण तुम्ही माझ्याकडे याल तेव्हा असं काही झालं, तर मला ते धड सांगता आलं पाहिजे. इथले डॉक्टर ‘कुठे’बरोबर ‘कसं’ही विचारतात, आणि त्याला आपल्या ठसठस-चुरचुरसारखे शब्द आहेत. ‘झुकि-झुकि’ म्हणजे ठणका. ‘शिकु-शिकु’ म्हणजे पोटात मंद दुखत राहणं, ‘किरि-किरि’ म्हणजे पीळ पडल्यासारखं. ‘हिरि-हिरि’ चुरचुरणं, ‘चिकु-चिकु’ टोचणं. छाती आवळल्यासारखी वाटली तर ‘मुने गा शिमेत्सुकेरारेरु’. हे वाक्य मी फ्रीजवर चिकटवलंय. रुग्णवाहिकेचा नंबर ११९. उगाच काळजीत पडू नका, मी फक्त तयारी करून ठेवतेय.

भूकंपाचंही तसंच. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत, त्यानंतर इथे ‘सोपी जपानी’ नावाची पद्धत आली. ‘हिनान’ या जड शब्दाऐवजी साधं ‘निगेरु’, पळा. वस्तीत त्याचे सरावही होतात. आमची इमारत मजबूत आहे.

आता तुमचं. ऑक्टोबरच्या मध्यापासून ९० दिवस या. दिवाळी इथेच करू. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. भात इथला तसाही मऊ असतो, बाबांना कवळीचा त्रास होणार नाही.

आई, तुला मी शोदोच्या, म्हणजे कुंचल्याने अक्षर काढण्याच्या वर्गाला नेणार आहे. माझ्या पाटीवरचं ‘अ’ तू बोट धरून गिरवून घ्यायचीस, आता तुझा हात मी धरेन, नाही म्हणू नकोस. पण बोरूची सवय इथे आड येईल. बोरू तिरका धरतो, कुंचला अगदी उभा. मनगट टेकायचं नाही, हात कोपरापासून हलतो. खाली लोकरीचं जाड कापड, त्यावर पातळ कागद, वरच्या कडेला लोखंडी वजन. शाई जास्त झाली किंवा कुंचला एका जागी थबकला की कागदावर फुटते, म्हणून बुडवल्यावर शाईच्या दगडाच्या कडेला निथळून घ्यायचा. शेवट तीन तऱ्हांचे, थांबवणं, झटका देणं आणि हळूहळू उचलत निमुळतं करणं. काढलेल्या रेघेवर दुसऱ्यांदा फिरवायचं नाही, वाकडी तर वाकडी. हे तुला जमणार नाही, मला माहीत आहे, तू डागडुजी करशीलच. संपलं की कुंचला साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवून टोक खाली करून टांगायचा, नाहीतर पाणी मुळाशी मुरून केस सुटतात.

बाबा, चहाच्या समारंभात वज्रासनासारखं गुडघे दुमडून बसावं लागेल म्हणून आधीच नको म्हणू नका. टेबल-खुर्चीवरचा प्रकारही आहे, ‘र्‍यूरेई’. १८७२ मध्ये क्योतोच्या प्रदर्शनाला परदेशी पाहुणे येणार म्हणून चहाचा समारंभ शिकवणाऱ्या उरासेन्के घराण्याने तो काढला. म्हणजे गुडघ्यांची सोय दीडशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. वाटीत साधारण २ ग्रॅम हिरवी पूड आणि ७० मिलिलिटर गरम पाणी, साखर नाही. मिठाई मात्र आधी येते आणि ती नुसती साखर आणि वाटलेल्या घेवड्याची असते. तुम्ही पाव तुकडा खायचा, उरलेली सोबतच्या कागदात गुंडाळून ठेवायची. तसं करण्याची रीतच आहे, कुणी वाईट मानत नाही. आईने कागद तपासावा.

व्हिसासाठी आमंत्रणपत्र, हमीपत्र आणि राहण्याचं वेळापत्रक मी पाठवते. अर्जात ९० दिवसच लिहा, भिडेने ३० लिहू नका. पाहुण्यांना इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, म्हणून प्रवास विमा घ्यायचाच, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, ते बाबा नाही, दादा वाचेल. चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरतीच सरळ आणता येतात. आपल्याला तीन महिन्यांची लागतील, त्यासाठी आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. तो मी भरते, तुम्ही फक्त डॉक्टरांकडून औषधांची यादी आणा, कंपनीच्या नावांनी नाही, मूळ घटकांच्या नावांनी आणि मिलिग्रॅमसकट. आपली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पिशवीत टाकू नका. आणि आई, ताजा कढीपत्ता, ताजी फळं काही नको. विमानतळावर काढून घेतात आणि तुझा जीव हळहळतो.

रागावलात तरी चालेल, पण फोन घ्या.

तुमची,
मनी

ता. क. बाबांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट या रविवारपर्यंत मला पाठवा. फोटो सरळ काढा, मागच्या वेळी आकडाच कापला गेला होता.