या वारीला नाही म्हणू नका

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आधी सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागवा. मे महिन्याची तुम्हा दोघांची तिकिटं काढलीयेत. तीन आठवडे कार्लोवी वारी, म्हणजे इथलं चेक देशातलं गरम झऱ्यांचं गाव. नावातच वारी आहे, बाबा! विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि आपल्या घरात "बघू"चं काय होतं ते आईला विचारा.

"गरम पाण्यासाठी एवढ्या लांब कशाला, आपलं उन्हवरं आहे की," हेही इथे ऐकू आलं. पण उन्हवऱ्याला आपण अंग शेकायचो. इथे पाणी प्यायचं असतं, पोटासाठी. कुठल्या झऱ्याचं, किती, ते डॉक्टर तपासून सांगतात. सकाळी १२४ खांबांच्या लांबलचक मंडपात माणसं चोचीचा चिनी मातीचा कप घेऊन सावकाश फिरत घोट घोट पितात. सुभाषबाबूसुद्धा १९३०च्या दशकात इथे उपचाराला राहिले होते, आता बोला.

आई, मोठा झरा १२ मीटर उंच उडतो, पाणी ७३ अंश! त्यात कागदी गुलाब ठेवतात, काही दिवसांत त्यावर क्षार चढून तपकिरी दगडी फूल होतं. आपल्या गिझरमध्ये हेच होतं तर तू प्लंबरला बोलावतेस, इथे ते विकतात.

खोलीला लिफ्ट आहे. खालीच बाक आहेत. वरणभात मी करीन. पैशांचा विषय नको, मी बोनस राखून ठेवला होता. बाबांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी प्रागमध्ये बसून नुसती फोनकडे बघत होते, ते अजून... असो.

उन्हवऱ्याला मी कुंडाच्या काठावर रडत बसायचे आणि बाबा आधी स्वतःचा हात घालून बघायचे, आठवतं? तसं मी मंडपातल्या पाचही झऱ्यांचं पाणी पिऊन आलेय. चव गंजक्या खिळ्याच्या खारट पाण्यासारखी आहे. वर ताटलीएवढं पातळ गोड वेफर मिळतं, त्यावर निभतं.

आता ऐका. पाण्यात क्षार फार, म्हणून बीपीचं इथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, लपवायचं नाही. गोळ्या मूळ पाकिटासकट, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. व्हीलचेअर मी लिहून ठेवलीय, बाबा, विमानतळ मोठा आहे म्हणून, तुमच्यासाठी नाही. आई, स्वेटर दोन. पहाटे गारठा असतो. आणि लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. मागच्या वेळचा पासपोर्ट अजून तेलकट आहे.

तुमची,
चिमणी