चाळणीनं निवडून काढलेलं सोयाबीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेत माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळची. गेल्या रविवारी सकाळी नऊच्या आत तीन दळणं 'नुसता गहू' म्हणून आली. या तिन्ही घरांच्या डब्यांत कित्येक वर्षं नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन असायचं. एका काकूंनी तर घरून मिसळून आणलेलं सोयाबीन माझ्या ओट्यावर बसून चाळणीनं वेगळं काढलं. विचारलं, तर म्हणाल्या, "पेपरात आलंय, सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं. घरात दोन मुलगे आहेत, कशाला विषाची परीक्षा?" तो पेपर म्हणजे आपलाच, आणि लेख आरोग्याच्या पानावरचा.

माझं शिक्षण बारावी, पण सून कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. रात्री तिला लेख दाखवला. पहिल्याच ओळीला ती म्हणाली, "बाबा, हे चूक आहे." सोयाबीनमधलं ते द्रव्य म्हणजे बायकांचं हार्मोन इस्ट्रोजेन नव्हेच. ती आयसोफ्लेवोन नावाची वनस्पतीतली द्रव्यं, मुख्यतः जेनिस्टीन आणि डेडझीन. रोप ती आपल्या मुलांसाठी किंवा मुलींसाठी बनवत नाही. माळव्यात ज्यानं सोयाबीन उपटून पाहिलंय त्याला मुळांवरच्या गाठी ठाऊक आहेत. हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू त्या गाठींत राहतात, आणि त्यांना मुळाशी आवतण धाडण्याचं काम ही द्रव्यं करतात. ती आपल्या पेशींत गेल्यावर गडबड का करू शकतात, हे तिनं मला गिरणीतल्याच डब्यांवर समजावलं.

पेशीच्या आत, बहुतेक केंद्रकातच, इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन ओळखून धरणारा, असतो. हे एक प्रथिन, त्याला एक खोबण. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे आपल्या शरीरातलं खरं इस्ट्रोजेन, खोबणीत बसलं की प्रथिनाचाच एक तुकडा वरून झाकणासारखा मिटतो. झाकण चपखल बसलं की त्यावर मदतनीस प्रथिनं येऊन टेकतात आणि ठरावीक जनुकं कामाला लागतात. जेनिस्टीनची लांबी-रुंदी साधारण तेवढीच, दोन्ही टोकांना तसेच हायड्रॉक्सिल गट, त्यामुळे तेही खोबणीत शिरतं. पण हे डबे, म्हणजे रिसेप्टर, दोन प्रकारचे आहेत. अल्फा, जो गर्भाशयात आणि स्तनांत जास्त. आणि बीटा, जो १९९६ साली स्वीडनमध्ये उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत सापडला. जेनिस्टीन बीटाला अल्फापेक्षा सुमारे २० पट घट्ट धरतं, आणि धरूनही तिथं झाकण पुरतं मिटत नाही, अर्धवट राहतं. माझ्याकडे एका घराचा स्टीलचा डबा येतो, चेपलेला. झाकण बसतं पण कट् असा आवाज येत नाही. सुनेनं तोच उचलून दाखवला. टॅमॉक्सिफेन या औषधाची तर एक फांदी खोबणीबाहेर डोकावते, म्हणून झाकण मिटूच शकत नाही. स्तनाच्या कर्करोगात ते त्याचसाठी देतात. तेव्हा 'खोबणीत शिरलं म्हणजे हार्मोनचं काम झालं' हा लेखकाचा हिशेबच कच्चा आहे.

आता मापाचं बोलू, तो माझा धंदा. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असतात. दिवसाला १२० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तर त्यात सोयाबीन १२ ग्रॅम, म्हणजे आयसोफ्लेवोन १२ ते २४ मिलिग्रॅम. जपानात पिढ्यान्‌पिढ्या लोक याहून जास्त खात आले आहेत. पुरुषांवरच्या ४१ चाचण्यांचा एकत्र आढावा २०२१ साली निघाला; त्यात सोयामुळे ना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटलेलं दिसलं, ना इस्ट्रोजेन वाढलेलं.

भीती अगदी हवेतून आलेली नाही, हेही सांगतो. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनात, कारण कुरणात एका जातीचं क्लोव्हर गवत आणि त्यात असंच द्रव्य. पण त्या मेंढ्या दिवसरात्र तेच चरत होत्या. शिवाय काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर जेनिस्टीन घातलं तर त्या वाढतात. म्हणून ज्या बाईला तो आजार आहे तिनं आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. थायरॉइडची गोळीही सोयाच्या पदार्थाबरोबर घेऊ नये, ती नीट शोषली जात नाही. यातलं एकही वाक्य आपल्या लेखात नव्हतं. उलट त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात जवसाची चटणी रोज खा असा सल्ला होता! जवसातल्या लिग्ननपासून आपल्या आतड्यातले जिवाणू जे बनवतात, तेही इस्ट्रोजेनच्या खोबणीत शिरणाऱ्यांच्याच घराण्यातलं. आणि काकूंच्या घरी कचोरी तळतात ती सोयाबीनच्याच तेलात. त्याची मात्र काळजी नको, आयसोफ्लेवोन तेलात उतरत नाहीत, पेंडीत राहतात.

लेखात सांगायला हवी होती अशी खरी गोष्ट वेगळीच आहे. कच्चं सोयाबीन दळायचं नाही. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. वीस-पंचवीस मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून मगच गव्हात घालावं. ओलसर आणलं तर पीठ दगडाला चिकटतं, आणि पुन्हा टाकी लावायचा खर्च माझा.

आपण खुलासा छापावा ही विनंती. जमलं तर शनिवारच्या अंकात छापा, दळणं रविवारी सकाळी येतात. काकूंचं किलोभर सोयाबीन पिशवीत बांधून माझ्या फळीवर ठेवलं आहे.

आपला,
एक गिरणीवाला, रामबाग, इंदूर