फुलांचं पाणी दांड्याला द्या

महोदय,

माझा धाकटा भाऊ मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि जर्बेरा पिकवतो. ऊन चढायच्या आत तोडणी. गुलाब कापला की तिथल्या तिथे पाण्याच्या बादलीत आणि लगेच शीतखोलीत. रात्रीच्या टेंपोने निघालेला माल पहाटे दादरला उतरतो. नीट ठेवलं तर फूल त्यानंतरही आठवडाभर टिकू शकतं. आपल्या घरी मात्र ते दोन दिवसांत मान टाकतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यामागची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मी परळला राहते. दर शनिवारी सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवायला निशिगंध आणते. पूर्वी गड्डी ओट्यावर टाकून आधी स्वयंपाक उरकायचे, मग फुलदाणी भरायचे. तेवढ्यात दांड्याच्या कापलेल्या टोकातून हवा आत शिरते आणि पाणी वर चढेनासं होतं. आता आल्याआल्या पातेल्यातल्या पाण्याखाली धरून पेरभर दांडा ब्लेडने तिरका कापते. बोथट कात्रीने दांडा चेचतो. पाण्यात बुडणारी पानं खुडायची, नाहीतर ती कुजतात आणि जंतू दांड्यातल्या नळ्या बुजवतात. लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर आणि ब्लीचचे चार-पाच थेंब घालते. साखरेने निशिगंधाच्या वरच्या कळ्याही उमलतात. पण नुसती साखर घालू नये, तिच्यावर जंतूच पोसतात. पाणी एक दिवसाआड बदलते. जर्बेराला चार बोटंच पाणी पुरे; त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात लवकर कुजतो.

आणखी एक. गणपतीत फुलदाणीशेजारी पिकलेल्या केळ्यांचा घड असतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत वळून मिटतात. नैवेद्य दाखवून झाला की फळं तेवढी दुसऱ्या खोलीत न्यावीत.

फूलविक्रेत्या भावा-बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे. फुलं ताजी दिसावीत म्हणून तुम्ही पाकळ्यांवर पाणी शिंपडता. ओल्या पाकळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या की त्यांवर बुरशीचे डाग पडतात. तेच पाणी स्वच्छ बादलीत भरून गड्ड्या त्यात उभ्या ठेवा आणि बादली सावलीला सरकवा.

आपली विश्वासू,
एक वाचक, परळ, मुंबई