पाहुणे निघायच्या आत ये

नाशिक,
पाडव्यानंतरचा गुरुवार

प्रिय मंगल,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लावले. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. डिसेंबरात तुला नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी बघायला नेलं त्याचा राग अजून गेला नसेल. निफाडची ती थंडी, मनोऱ्यावर सेल्फीवाल्यांची रांग, आणि परतताना गाडीतलं तुझं वाक्य : "दोन तास घालवून तपकिरी बदकं बघितली!" तेव्हा मी फुरंगटून बसले होते. पण परवा पुन्हा जाऊन आले आणि आता कबूल करते, तुझंच बरोबर होतं. मीच तुला चुकीच्या महिन्यात नेलं.

त्याचं असं आहे. विणीचा हंगाम संपला की नर बदकं रंगीत पिसं टाकतात आणि मादीसारखी मातकट होतात. थंडीत उत्तरेकडून आपल्याकडे येतात ती त्याच अवतारात. तलवार बदकं, थापट्ये डिसेंबरपर्यंत बरेच सावरतात, पण भुवई बदकाचा नर म्हणजे महाआळशी, त्याला नटायला फेब्रुवारी उजाडतो. आणि तू नेमके त्यांचेच थवे बघत होतीस! परवा दुर्बीण लावली तर एकेकाच्या डोळ्यावरून पार मानेपर्यंत चुन्याचं बोट ओढल्यासारखी पांढरी भुवई. तुझी आठवण आली, खरंच.

पहाटे पावणेपाचला निघाले. चापडगावला पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. सध्या कालव्यांना आवर्तन सुटलंय, त्यामुळे पाणी बरंच मागे हटलंय आणि काठाला चिखल उघडा पडलाय. आपल्याला तो नुसता वास मारतो, पण तुतवार, रफ अशा चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना पंगत वाढून ठेवल्यासारखा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा १९०७ ते १९११ मध्ये बांधला, शेतीच्या पाण्यासाठी. पण नद्यांनी इतका गाळ आणून ओतला की पाणी साठायची जागाच कमी होत गेली. बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणकणसं माजली. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात हा तोटा, आणि त्याच तोट्यावर १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव लागलं. राजस्थानातल्या पक्ष्यांच्या भरतपूरवरून लोक त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. नांदूरमध्यमेश्वर म्हणायला जीभ वळत नाही की काय?

मनोऱ्यावर चढलेच नाही. काठच्या बाभळीखाली मांडी घालून बसले. समोर पाणकणसाच्या बुडाशी काहीतरी तुरुतुरु पळालं, थांबलं, शेपूट वर केलं. शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग दिसला आणि मी श्वास धरला. शंकर पक्षी! चिमणीएवढा जीव. पाठ अगदी सामान्य, मळलेल्या सदऱ्यासारखी. मग तो वळला. गळ्यावर निळा रंग, मधोमध विटकरी टिकली, खाली काळी आणि तांबडी पट्टी. हिवाळ्यात हाच गळा फिकट असतो, निळा असला तरी धुतल्यासारखा. त्याने चिखलातून एक अळी ओढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कणसात शिरला. अर्धा मिनिटही नसेल. त्यासाठी सव्वा तास डासांनी फोडून खाल्लं होतं.

बाकी बाभळीवरचे वटवटे, ते एकसारखे दिसणारे चिमुकले पक्षी, मला अजूनही ओळखता येत नाहीत. एकाकडे चाळीस मिनिटं मान वर करून पाहिलं, वहीत 'हिरवट' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी शेजारच्या गाइडने हसू दाबत सांगितलं, "मॅडम, तो शिंपी पक्षी आहे." म्हणजे आपल्या परसातलाच!

म्हशींच्या पायांत पिवळे धोबी पक्षी होते, पिवळे म्हणजे अगदी हळद लावलेले. मळगुजा पक्ष्यांच्या माना विटकरी झाल्यात. काढलेल्या हरभऱ्याच्या रानात पट्टकादंब फक्त तीन उरलेत, बाकीचे गेले. हे हंस हिमालय ओलांडून जातात, सात हजार मीटरच्या वरची त्यांची उड्डाणं नोंदलेली आहेत. आणि इथे बघावं तर पोट सुटलेल्या काकांसारखे डुलत चरत होते. सगळेच सध्या असे अधाशासारखे खातात. परतीच्या वाटेत लागेल ती चरबी आत्ताच अंगावर चढवायची असते ना.

संध्याकाळी पळसमैनांचा थवा आला. आमच्याकडे भोरड्या म्हणतात. काळं डोकं, गुलाबी अंग. आता तेही उजळलंय. बाभळींवर उतरल्या तेव्हा इतका कलकलाट, की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. आठवडाभरात त्याही मध्य आशियाकडे निघतील.

मी मुद्दाम अंधार पडेपर्यंत थांबले. बदकं बहुतेक रात्रीच निघतात. सूर्य बुडाल्यावर साठेक भुवई बदकं पाण्यावरून उठली, बंधाऱ्यावर दोन घिरट्या घेतल्या, उंच गेली आणि उत्तरेकडे वळली. खरंच निघाली की नुसती पलीकडच्या पाण्यावर गेली, देव जाणे. मी हात हलवला. गाइडने पाहिलं, पण काही बोलला नाही. येताना यांच्यासाठी किती गाड्या येतात गं, आणि जाताना आम्ही दोघंच.

भुवई बदकं अजून दोन-तीन आठवडे असतील, बाकीच्यांचं सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी रात्रीची गाडी पकड. पांढरा ड्रेस आणू नकोस, मातकट रंगाचं काहीतरी घाल. टोपी हवी, आता ऊन कडक आहे. ओडोमॉसही आण, माझं संपलं. निफाडला द्राक्षांचा शेवटचा तोडा चालू आहे, येताना दोन पेट्या घेऊ. भाऊजींना सांग, या वेळी तपकिरी निघाली तर त्यांच्या पसंतीच्या हॉटेलात जेवण माझ्याकडून.

तुझीच,
शैला

ता. क. तुझी ती लाल शाल माझ्याकडेच राहिली आहे. मनोऱ्यावर लाल शाल! तरीच बदकं लांब बसली होती.